पाऊस न आल्यास रद्द

माझी निल्सा मावशी ऊन असताना तोर्ता तळत नाही. घरी पाहुणे येवोत, कुणाचा वाढदिवस असो, खुद्द मी राजधानीहून उपाशी आलेला असो. "ऊन आहे," एवढंच म्हणते आणि विषय संपतो. पण आभाळ भरून आलं, पत्र्यावर चार थेंब वाजले, की आमचं पासो दे लास गार्सास हे सगळं गाव असेल तिथे थबकतं आणि एकाच गोष्टीचा विचार करायला लागतं. तळहाताएवढी कणकेची तोर्ता, मध्ये बोटाने पाडलेलं भोक, चरबीत तळून फुगलेली, वर साखर भुरभुरलेली. उन्हात ती खायला कुणी बंदी केलेली नाही. भर उन्हाळ्यात स्वेटर घालायलाही कुणी बंदी केलेली नाही, पण घालतं का कुणी?

मावशी आधी मांसाच्या कारखान्यात होती. तो बंद पडला. मग शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तिथली भांडी जरा हाताखाली येतायत तोवर नवरा ट्रक घेऊन ब्राझीलला एका खेपेला गेला. ती खेप अजून चालू आहे. "माल जड असेल," मावशी म्हणते. नंतर शाळाही मुलांअभावी आक्रसली आणि मावशीने जुन्या स्टेशनच्या वळचणीखाली कढई मांडली. आमच्याकडे गाडी यायची थांबली ती माझ्या जन्माआधीच, पण फलाटावरचं छप्पर कुणी काढून नेलं नाही. गावात गर्दीला कोरडं उभं राहता येईल अशी ती एकच जागा. पावसाचा धंदा करायचा तर दोनच गोष्टी लागतात: पाऊस, आणि भिजायला न लागणारी रांग.

मी सिनेमात आहे. हे वाक्य मी राजधानीत, माँटेव्हिडिओत, भाड्याच्या खोलीच्या मालकिणीसमोर फार जपून वापरतो, कारण पुढचा प्रश्न "कोणत्या?" असा येतो. माझं काम म्हणजे एका लांब काठीच्या टोकाला मायक्रोफोन बांधून ती बोलणाऱ्यांच्या डोक्यावर धरायची, कॅमेऱ्यात दिसू द्यायची नाही. गावात मावशी सगळ्यांना अगदी खरं तेच सांगते. "हेबेर काठी धरतो. चांगली धरतो म्हणे."

नगरपालिकेने फुटपाथवरच्या प्रत्येक गोष्टीला परवाना लावला तेव्हा घोळ सुरू झाला. तात्पुरत्या दुकानाला परवाना मिळे, पण तारखा आधी लिहून द्यायच्या. मावशीने तारखेच्या रकान्यात लिहिलं, 'पाऊस पडेल तेव्हा'. अर्ज परत. मग तिने अंदाजाने मंगळवार आणि शनिवार लिहिले. त्या वर्षीसारखे कोरडे मंगळवार गावाने कधी पाहिले नव्हते. पाऊस आला तो गुरुवारी. मावशीने कढई मांडली, आणि निरीक्षक येऊन ती गरम कढई टोपीने धरून घेऊन गेला. टोपीला अजून चरबीचा वास येतो म्हणतात. आता मे महिन्याअखेर परवाना झाला नाही तर वळचणीची जागा एका कॉफीच्या यंत्राला जाणार होती. यंत्राला तारखेची अडचण नाही. त्याला सगळेच दिवस सारखे.

आणि हे अर्ज ज्या खिडकीतून परत येत, तिच्या आत वॉशिंग्टन ओलासो बसे. आमच्याकडे बापाच्या वाचनात काही भारी आलं की ते पोरांच्या नावांवर निघतं. त्याच्या धाकट्या भावाचं नाव मिल्टन. दोघांनीही पुढे कधी पुस्तकाला हात लावला नाही. वॉशिंग्टनच्या बगलेत थर्मास, हातात नळीने ओढायचा 'माते' नावाचा कडू काढा, आणि फाईल उघडायच्या आधीच तोंडात एक वाक्य: "एक कागद कमी आहे." माणसं घरून येतानाच एक कागद कमी घेऊन येत, म्हणजे निदान कोणता ते माहीत असे.

हा वॉशिंग्टन मी विकला. माहेला इरिआर्ते नावाच्या बाई आहेत, त्या सरकारी संस्थांवर माहितीपट करतात. एक इस्पितळावर केला, एक कोर्टावर. प्रत्येक तीन तासांचा. त्यात कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही, मागून आवाज नाही, संगीत नाही. कॅमेरा कोपऱ्यात उभा राहून बघत राहतो. आपल्याकडे लोक झोपतात, परदेशात बक्षिसं मिळतात. पुढच्या फिल्मला माहेलाबाई दुसरा ध्वनिवाला घेणार अशी कुणकुण लागली, तेव्हा मी एका बारमध्ये त्यांना वॉशिंग्टनचे किस्से ऐकवले. थोडे माझ्या पदरचेही घातले. बाईंनी ग्लास खाली ठेवला.

"असा माणूस खरंच आहे?"

"आहे म्हणजे काय! हो हा शब्द त्याच्या घशातच नाही."

"हेबेर, हीच माझी फिल्म. तू येतोयस."

आम्ही आलो. बाईंचे नियम मला पाठ होते: विचारायचं नाही, सांगायचं नाही, शिंकायचं नाही. लोकांनी आपल्याला कपाट समजलं पाहिजे.

पहिल्या दिवशी वॉशिंग्टन इस्त्रीचा शर्ट घालून आला. केस काळेकुळकुळीत, कालपर्यंत नव्हते इतके. थर्मास टेबलाखाली लपवलेला. खिडकीवर कुंडी. पहिली बाई आली, नेहमीच्या सवयीने भांडायच्या तयारीत, तर हा उठून उभा!

"या, या. बसा. काय सेवा करू?"

बाईने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे कोण आलंय म्हणून.

त्या दिवशी वर्षानुवर्षं पडून असलेल्या फाईली उठून चालायला लागल्या. वारसांची नोंद झाली. गटाराची तक्रार झाली. एका आजोबांना कुंपणाचा परवाना मिळाला, त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि घाबरत विचारलं, "कागद कमी नाही ना?" वॉशिंग्टन कॅमेऱ्याकडे न बघता, पण कॅमेऱ्याला दिसेल असा हसला. दुपारी बातमी गावभर. दुसऱ्या दिवशी रांग चर्चपर्यंत. लोक मला रस्त्यात अडवून विचारत, "उद्या आहात ना? माझं मोजणीचं काम आहे." आयुष्यात पहिल्यांदा गावाला माझी गरज लागली होती, तीही गप्प उभा राहायला.

माहेलाबाई संध्याकाळी हॉटेलच्या पलंगावर चित्रण बघत बसल्या होत्या.

"हेबेर, ही नोकरशाही आहे की कुणाचा वाढदिवस?"

"बाई, तो असा नाहीये हो. शपथ."

"मला एक नकार पाहिजे. एक. हे तुझं गाव आहे ना? मग कुठून तरी पैदा कर."

त्याच रात्री जेवताना मावशीने विषय काढला. "कॅमेरा आहे तोवर कामं होतायत म्हणे. मीपण येते उद्या."

"मावशी, तू माझी नातेवाईक. बाईंना चालायचं नाही."

"मग ओळख दाखवू नकोस. तू काठी धर, मी अर्ज धरते. तुझ्या आईलाही तू लहानपणी ओळख दाखवत नव्हतास, शाळेच्या दारात."

मी सकाळी बाईंना सांगितलं ते बाई नकार देतील या भरवशावर. पण तारखेची भानगड ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले. "पावसाच्या तारखा? हेबेर, तो कितीही गोड वागला तरी याला हो म्हणूच शकत नाही! बोलाव तिला." आणि म्हणाल्या, "तुझी मावशी आहे ते विसर."

तर माझी अवस्था अशी झाली. वॉशिंग्टन नाही म्हणाला तर फिल्म वाचते, माझी नोकरी वाचते, आणि मावशीची वळचण जाते. हो म्हणाला तर मावशी वाचते आणि मी पुन्हा लग्नांच्या व्हिडिओत 'आई, जरा हसा' म्हणत फिरतो. एखाद्या बाणेदार माणसाने काहीतरी ठरवलं असतं. मी बॅटऱ्या चार्ज केल्या.

मावशी आली ती चर्चला जायचा कोट घालून. मी तिच्या कॉलरला छोटा मायक्रोफोन लावला. तिने मला अनोळखी माणसासारखं "थँक्यू हं, दादा" म्हटलं आणि वर डोळा मारला. तो कॅमेऱ्यात आला आहे.

"या, निल्साबाई, बसा," वॉशिंग्टन म्हणाला. "काय सेवा करू?"

"अरे वॉशिंग्टन, तुला काय माहीत नाही होय? तोच अर्ज."

त्याने अर्ज उघडला. सवयीने ओठ 'एक का'पर्यंत गेले, तिथून त्याने ते परत आणले. "हं. बघू या. तारीख तेवढी..."

"पाऊस पडेल तेव्हा."

"ते बरोबर आहे. पण आकड्यात."

"तुमचं सरकारी हवामान खातं सांगतं तो आकडा घाल."

"त्यांचं आम्ही धरत नाही. ते चुकतात."

"मग मी बरी बरोबर सांगेन?"

रांगेत हशा पिकला. वॉशिंग्टनच्या कपाळावर घाम आला. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. त्याला खरंच हो म्हणायचं होतं आणि सापडत नव्हतं. नाही म्हणायला त्याला कधी जागेवरून उठावं लागलं नव्हतं. आता तो कपाटापर्यंत गेला, नियमांचा गठ्ठा आणला, पानं उलटली. "कायमचा परवाना घ्या ना! तारखेची कटकटच नाही. फक्त टपरी पाहिजे, नळ पाहिजे, बेसिन..."

"बेसिन स्टेशनवर लावू? गाडी यायची वाट बघत?"

माहेलाबाईंच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पाहिलं तसं समाधान नंतर कधी पाहिलं नाही. काठी धरून माझे खांदे भरून आले होते. तेवढ्यात हेडफोनमध्ये मावशीचा आवाज आला, अगदी हळू, फक्त कॉलरला आणि मला ऐकू येईल इतका: "हेबेर, हात खाली घे जरा. दुखत असेल."

मी हात खाली घेतला नाही. नियम. पण काठी हलली, आणि त्या जागी चित्रणात वरून मायक्रोफोनचं काळं केसाळ बोंड डोकावून जातं. तो मी.

मग पाऊस आला. कचेरीचं छप्पर पत्र्याचं. आधी चार थेंब, मग असा धो धो, की वॉशिंग्टनचे फक्त ओठ हलताना दिसत होते. आणि सगळ्यांचं तेच झालं जे आमच्या गावात होतं. रांगेतल्या लोकांनी माना वर केल्या, टाइपिंगवाली थांबली, आतल्या खोलीतला हिशेबनीस दारात आला. आणि मग सगळे एकदम मावशीकडे बघायला लागले.

"बघू नका माझ्याकडे," मावशी ओरडली, कारण आता ओरडावंच लागत होतं. "कढई परत मिळालीय ती 'परवान्याशिवाय मांडणार नाही' अशी सही करून! परवाना नाही तर तोर्ता नाही!"

वॉशिंग्टनने आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग, पहिल्यांदाच, तो कॅमेऱ्याला विसरला. खाली वाकला, टेबलाखालचा थर्मास काढला, मातेच्या भांड्यात पाणी ओतलं आणि नळी तोंडात धरून विचार करायला लागला. तो खरा वॉशिंग्टन. एक घुटका घेऊन त्याने मातेचं भांडं सवयीने खिडकीतून मावशीकडे केलं, आणि मावशीनेही ते घेतलं. भांडणात असली तरी माणसं आमच्याकडे एवढं करतात.

रांगेत तिसऱ्या नंबरवर रेना होती, गावात सर्कस आली की तिला मैदान भाड्याने देणारी. तिला घाई होती. "अहो वॉशिंग्टनसाहेब, सर्कशीच्या परवान्यात काय असतं खाली छापलेलं? 'पाऊस आल्यास रद्द'. जत्रेला तेच, मिरवणुकीला तेच. तिला सगळ्या तारखा द्या आणि खाली उलटं लिहा, आणि माझं काम करा!"

"उलटं?" वॉशिंग्टन.

"पाऊस *न* आल्यास रद्द!"

पावसाच्या आवाजात हे तिला तीनदा ओरडावं लागलं. तिसऱ्यांदा रांगच ओरडली.

वॉशिंग्टनने परवान्याचा कोरा कागद काढला आणि खालची ती छापील ओळ दोनदा वाचली. मग त्याने लेखणी उचलली आणि मधे एक 'न' घातला, इतक्या काळजीने, की जणू तो नंतर सुटून पडला असता. मग तारखा. सगळ्या लिहायच्या होत्या. रांग एकेक तारीख म्हणत होती, तो लिहीत होता. फेब्रुवारी किती दिवसांचा यावर दोघांचं भांडण झालं. शेवटी त्याच्यातला जुना माणूस थोडा जागा झालाच. त्याने खाली दोन ओळी आपल्या मनाने घातल्या: पाऊस आहे की नाही हे कार्यालय ठरवेल, आणि महिनाभर जागा रिकामी राहिली तर परवाना संपला.

"कार्यालय म्हणजे कोण?" मावशीने विचारलं.

"म्हणजे मी."

फोन कुणी उचलत नाही म्हणून नगराध्यक्षबाई बाहेर आल्या, सगळे कशासाठी ओरडतायत ते त्यांनी ऐकलं, खिडकीबाहेर पावसाकडे पाहिलं आणि उभ्याउभ्याच सही केली. "साखर जास्त घाल," म्हणाल्या. कचेरी अर्ध्या तासात ओस पडली.

माहेलाबाईंना नकार मिळाला नाही, होकारही धड मिळाला नाही. पण हॉटेलवर जाताना त्या शीळ घालत होत्या. मग त्यांनी माझं ध्वनिमुद्रण ऐकलं. त्या सगळ्या प्रसंगात, पहिल्या थेंबापासून सहीपर्यंत, मी अत्यंत स्वच्छ, उत्तम दर्जाचा पत्र्यावरचा पाऊस मुद्रित केला होता. माणसाचा एक शब्द नाही, मावशीच्या कॉलरवरसुद्धा. बाईंनी मला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, मावशी वाचते. शेवटी त्यांनी ते तसंच ठेवलं: माणसं तोंडं उघडतात, मिटतात, हात नाचवतात, आणि नुसता पाऊस. परदेशात एका परीक्षकाने त्याला 'ध्वनीचा धाडसी वापर' म्हटलं. त्या धाडसावर मला आणखी दोन कामं मिळाली. मी अजून खुलासा केलेला नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये नगरपालिकेने चौकात पडदा लावून ती फिल्म दाखवायचं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी. चौक स्टेशनच्या समोरच. परवाना अर्थात वॉशिंग्टनच्याच खिडकीतून. खाली छापलेलं, पाऊस आल्यास रद्द. वॉशिंग्टन गावात नायकासारखा फिरत होता. केस पुन्हा काळे केले होते, नवा पांढरा शर्ट घेतला होता, सरहद्दीवरून भाऊ मिल्टन बायकोमुलांसह आला होता, आणि पहिल्या ओळीत त्या सगळ्यांच्या खुर्च्या होत्या.

आमच्याकडे पाऊस बारमाही, पण डिसेंबरात लागलेल्या त्या उन्हाळ्यात तो रुसला होता. मावशीची कढई फेब्रुवारीत शेवटची तापली होती, आणि जागा रिकामी राहून महिना त्याच शनिवारी भरत होता. कॉफीच्या यंत्राचा माणूस सकाळपासून स्टेशनवर टेप घेऊन लांबीरुंदी मोजत होता. मावशीने तरीही कणीक भिजवली आणि फडक्याखाली झाकून वळचणीला जाऊन बसली. गॅस बंद.

संध्याकाळी आभाळातून काहीतरी यायला लागलं. पाऊस म्हणावा तर डोळ्यांना दिसत नव्हता, नाही म्हणावा तर चष्मा पुसावा लागत होता. चौकात खुर्च्या भरलेल्या, आणि समोर वळचणीखाली एक रांगही तयार झालेली. दोन्हींमधल्या रस्त्यावर वॉशिंग्टन उभा.

माहेलाबाई पळत आल्या. "वॉशिंग्टन, हा पाऊस नाही. हे दव आहे."

"दवच हो!" मिल्टन पहिल्या ओळीतून ओरडला. "चल, बस इकडे! पोरांना दाखवायचंय तुला!"

कॉफीवाला म्हणाला, "दवच," आणि टेप गुंडाळली.

मावशीने एप्रन बांधला, सोडला, परत बांधला.

वॉशिंग्टनने हात पुढे केला, तळवा वर. तो तळव्याकडे बघत होता, जसा तो वर्षानुवर्षं लोकांच्या कागदांकडे बघत आला होता, काय कमी आहे ते शोधत. मग त्याने पडद्याकडे पाहिलं, पहिल्या ओळीतल्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि तळवा नव्या शर्टाला पुसला.

"पाऊस आहे," तो म्हणाला. "निल्साबाई, पेटवा."

गॅसचा भडका उडाला तसा चौक उठला. खुर्च्या उलट्या करून ठेवल्या गेल्या, पडदा गुंडाळला, मिल्टन शिव्या घालत रांगेत लागला. माहेलाबाईंनी वाद घालायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं, कारण तेवढ्यात वॉशिंग्टनच्या कानशिलावरून काळा रंग ओघळून पांढऱ्या कॉलरवर टपकायला लागला होता. एवढा पाऊस तर नक्कीच होता. त्याने कॉलरकडे पाहिलं, रुमाल काढला, परत ठेवला, आणि मावशीने दिलेली पहिली तोर्ता उभ्याउभ्याच चावली.

बाई माझ्याकडे वळल्या. "हेबेर, हे घेतलंस ना?"

माझी काठी चौकात खुर्चीखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडली होती. दोन्ही हातांत एकेक तोर्ता होती, आणि तोंडात साखर, म्हणून मला उत्तर देता आलं नाही.